चालत्या सर्व्हरवरचं गाठोडं

रक्तपेढीतल्या बाईंना मी त्या दुपारी सरळ वेड्यात काढलं. त्या फोनवर घाईघाईनं सांगत होत्या की स्क्रीन बदललीय, सगळं निळं दिसतंय आणि पिशवी राखून ठेवायचं बटण कुठेच सापडत नाहीये. इकडे माझ्यासमोर तीच ती हिरवी पट्टी, तेच उजवीकडचं बटण आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत 'राखून ठेवा'.

"बाई, बटण माझ्यासमोर आहे. आत्ता. मी बघतेय त्याच्याकडे."

"मॅडम, माझ्यासमोर नाहीये."

"चष्मा लावलाय ना?"

"डोळ्यांवरच आहे. कालपर्यंत रजेवर होते, आज आले तर हे असं. काही केलंय का तुम्ही?"

मी काहीही केलं नव्हतं. माझ्या कामावर कुणी शंका घेतली की माझं डोकं सटकतं, हे माझ्या घरच्यांना चांगलं माहीत आहे. त्या दिवशी बाईंनाही कळलं. मी म्हटलं, "कुठली पिशवी हवीय ते सांगा. मी इथून राखून दाखवते." एका रुग्णालयात दुपारी मोठं ऑपरेशन होतं, ओ निगेटिव्ह रक्त लागणार होतं आणि फ्रिजमध्ये त्या गटाची एकच पिशवी उरली होती. मी बटण दाबलं. हिरवी खूण उमटली.

"झालं. राखली. डॉक्टरांना सांगा, पिशवी आहे म्हणून. आणि आता कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा."

"बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या 'बरं'मध्ये त्यांना काहीही बरं वाटलेलं नव्हतं.

माझं काम काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. शहरातल्या रुग्णालयांना एकाच मोठ्या रक्तपेढीतून रक्त जातं. फ्रिजमध्ये काय आहे, कुणी काय मागितलंय, कुठली पिशवी कुणासाठी राखलीय, हे सगळं एका वेब ॲप्लिकेशनवर चालतं. ते मी लिहिलं, जावामध्ये, एकटीनं. धंदा मात्र दादाचा आणि माझा. मी लिहायचं, दादानं बोलायचं. माझ्या जिभेला हाड नाही आणि त्याच्या जिभेवर साखर, तेव्हा ही वाटणी तशी लहानपणीच झालेली होती. किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानावर आमची एक खोली होती. दिवसभर खालून कानस घासल्याचा आवाज यायचा आणि वर मी आणि माझा सर्व्हर.

रक्त कुणाला कधी लागेल याचा नेम नसतो, म्हणून हे ॲप बंद ठेवायची सोय नाही. पण सुधारणा तर कराव्याच लागतात. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा म्हटलं तर तेवढा वेळ सगळी रुग्णालयं आंधळी. म्हणून मी चालत्या सर्व्हरवरच नवी आवृत्ती चढवायचे. नव्या आवृत्तीची एक फाइल बनते, तिला आम्ही गाठोडं म्हणायचो. नाव जुन्याचंच, फक्त पुढचा आकडा वाढवलेला. ते जुन्याच्या शेजारी नेऊन ठेवायचं. सर्व्हर दोन्ही चालवतो. जे आधीपासून लॉगिन करून बसलेत ते जुन्यावरच राहतात आणि नव्यानं येणारा नव्यावर जातो. खानावळीत ताटं बदलावीत तसं: जेवायला बसलेल्यांना उठवायचं नाही, नव्यानं आलेल्यांना नवी ताटं द्यायची. जुन्यावरचा शेवटचा माणूस उठला की सर्व्हर जुनं गाठोडं आपणहून काढून टाकतो.

यात एक गोम होती, आणि ती माझीच करणी होती. झटपट उत्तर देता यावं म्हणून राखलेल्या पिशव्या ॲप फक्त आपल्या डोक्यात ठेवायचं. पिशवी फ्रिजमधून बाहेर गेली की मग डेटाबेसात नोंद. दोन आवृत्त्या एकदम चालू म्हणजे दोन डोकी, आणि एका डोक्यात काय शिजतंय ते दुसऱ्याला ठाऊक नाही. म्हणून आमचा नियमच होता. गाठोडं ठेवलं की सगळीकडे फोन करायचे, एकदा लॉगआउट करा आणि परत आत या. आणि सगळ्यात आधी बाहेर पडायचं ते मी. कारण माझ्या स्क्रीनवर 'पहारा' नावाचं पान कायम उघडं असतं. ते स्वतःच स्वतःला ताजं करत राहतं, त्यामुळे माझं सेशन, म्हणजे लॉगिन करून आत बसणं, कधी संपतच नाही. मला कुणी उठवल्याशिवाय मी उठत नाही, असं दादा म्हणायचा.

सगळे फोन झाले की दादाची पाळी. खुर्ची मागे ढकलून तो रक्तपेढीच्या मोठ्या साहेबांना फोन लावायचा आणि हसत सांगायचा, "झालं बरं का! एक क्षणही बंद नाही. कुणाला कळलंसुद्धा नाही." मला ते वाक्य ऐकायला फार आवडायचं. काम माझं आणि मिरवायचा तो, पण मिरवावं तर दादानंच, असं मला मनापासून वाटायचं.

मध्यंतरी माझ्या पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशनची तारीख ठरली. तेव्हा दादा म्हणाला, "बुटके, ते गाठोडं ठेवायला मला शिकव. तू पडून असताना कुणी बघायचं?"

इतक्या वर्षांत त्यानं कीबोर्डला हात लावला नव्हता. बिलसुद्धा मीच छापून द्यायचे. माझा आनंद गगनात मावेना. मी त्याच्यासाठी एक खोटं छोटं ॲप बनवलं आणि त्याच्यावर त्याला गाठोडी ठेवायला लावली. तो एका बोटानं टाइप करायचा आणि प्रत्येक अक्षर तोंडानं म्हणायचा. पहिल्यांदा जमलं तेव्हा त्यानं टाळ्या वाजवल्या; खालून किल्लीवाल्यानं ओरडून विचारलं, काय झालं म्हणून. मी त्याला गोम समजावून सांगितली, फोनचा नियम सांगितला आणि वर बजावलं, "सगळ्यात आधी मला बाहेर काढायचं. विसरलास तर बघ."

"तुला कोण विसरेल, बाई?" तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मी आईला मुद्दाम फोन करून सांगितलं की दादा शिकला. ती म्हणाली, "बरं झालं. दोघं एकमेकांना धरून राहा." आईचे डोळे भरले असणार, ते आवाजावरून कळलं. आज मी विचार करते की ते नेमके कशानं भरले असतील.

असो. बाई काही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केल्यावर त्यांनी त्यांच्या स्क्रीनचा फोटो काढून मला पाठवला. खाली फक्त एवढंच लिहिलं होतं: "चष्मा पुसून काढलाय."

फोटोतली स्क्रीन निळी होती. कोपऱ्यात एका कंपनीचं चिन्ह. ते मी ओळखत होते. दादा त्या लोकांकडे मध्ये 'सहज चहाला' जाऊन आला होता. बटणं सगळी एका मेन्यूत कोंबलेली. आणि मधोमध एक सूचना, बाईंनी काहीतरी चुकीचं दाबल्यावर आलेली: 'पुन्हा एकदा बघा. घाई नको, रक्ताचं काम आहे.' ते वाक्य माझं होतं. माझ्या एका रागाच्या दिवशी लिहिलेलं. त्यांनी रंग बदलला होता, चिन्ह लावलं होतं, पण माझं वाक्य बदलायचं राहून गेलं होतं.

मी सर्व्हरवर गेले. शेजारी शेजारी दोन गाठोडी. नाव तेच, दुसऱ्याचा आकडा एकानं वाढवलेला. काम अगदी स्वच्छ केलेलं, मी शिकवलं होतं तस्सं, कुठे एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ठेवणाऱ्याचं नाव दादाचं. नव्या आवृत्तीवर सगळी रुग्णालयं. जुन्या आवृत्तीवर किती सेशन चालू आहेत ते बघितलं. एक.

मला आधी राग नाही आला. आधी लाज वाटली, बाईंना चष्म्याबद्दल बोलले त्याची. मग हळूहळू बाकीचं लक्षात यायला लागलं. आठवडाभर वहिनी रोज माझ्यासाठी सूप पाठवत होत्या. एरवी वर्षातून एकदा विचारणार, कशी आहेस, आणि आता ताकद हवी म्हणून रोज थर्मास. दादाचं ते सारखं डोकावणं, 'आज काही फोन वगैरे?' असं विचारणं. मी म्हणायचे, नाही रे, सगळं शांत आहे. आणि खरंच सगळं शांत होतं. त्या शांततेचा मला अभिमान वाटत होता, मूर्खासारखा.

जिन्यावर पावलं वाजली. दादा आला, हातात थर्मास.

"घे. गरम आहे तोवर पी. काय गं, चेहरा का असा?"

"जुन्यावर एकच माणूस बसलंय, दादा."

कुठल्या जुन्यावर, कसलं माणूस, असं त्यानं विचारलं असतं तर अजूनही मी कुठलीतरी पळवाट शोधली असती, त्याच्यासाठी. त्यानं विचारलं नाही. थर्मास टेबलावर ठेवला, त्याचं झाकण उगीच घट्ट केलं आणि खुर्चीवर बसला.

"मी सांगणारच होतो. तुझं ऑपरेशन झालं की."

"विकलंस?"

"त्यांना सगळं हवं होतं. कोड, रुग्णालयं, सगळं. आपण दोघं असं किती दिवस ओढणार? तुझी तब्येत ही अशी. आणि तुला विचारलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग?"

"मग मी नाही म्हटलं असतं. तेवढं तरी म्हणू द्यायचं होतंस."

"धंदा कागदावर माझ्या नावावर आहे, बुटके." हे तो इतक्या हळू बोलला की खालच्या कानशीच्या आवाजात ते बुडालंच असतं. पण मला ऐकू आलं. धंद्याची नोंदणी झाली तेव्हा मी दुसरीकडे नोकरीला होते. माझं नाव नंतर घालू म्हणाला होता. ते मी पुन्हा कधी विचारलं नाही. सख्ख्या भावाला असं काय विचारायचं?

"त्यांची एकच अट होती," तो म्हणाला. आता त्याला सगळं सांगून मोकळं व्हायचं होतं, तसं त्याच्या आवाजावरून वाटत होतं. "बदल होताना एक क्षणसुद्धा काम बंद पडता कामा नये. त्यांच्या लोकांना इथे आणलं असतं तर तुला दिसले असते. म्हणून मग…"

"म्हणून मग तू शिकलास."

मला त्या एका बोटानं टाइप करणाऱ्या माणसाची आठवण झाली. त्या टाळ्यांची. तेवढं एक तरी माझ्याकडे राहायला हवं होतं. धंदा नेला असता, कोड नेला असता, मी भांडले असते, रडले असते, कदाचित वर्षभरानं त्याच्याशी बोललेही असते. पण त्या दुपारी तो माझ्या शेजारी बसून शिकला, ते माझ्यासाठी नव्हतंच, हे माझ्या घशाखाली उतरेना.

तेवढ्यात फोन वाजला. बाई.

"मॅडम, तुम्ही कुठून बोलताय? घरून?"

"ऑफिसातून. का?"

"इथे सगळे म्हणतायत तुम्हाला दवाखान्यात भरती केलंय. तुमच्या दादांनी परवा सगळ्यांना फोन केले होते म्हणे. लॉगआउट करून परत या, आणि मॅडमना अजिबात फोन करू नका, तब्येत नाजूक आहे. मी रजेवर, मला काय ठाऊक? पण ते जाऊ दे. इथे दुसऱ्या रुग्णालयाचा माणूस पेटी घेऊन उभा आहे. त्याच्या हातात त्याच पिशवीची चिठ्ठी आहे."

"कुठल्या पिशवीची?"

"आपण राखलेल्या. ओ निगेटिव्हच्या. स्क्रीनवर पिशवी मोकळी दिसतेय, त्यांनी मागितली, मिळाली. आणि मी इकडे सर्जनना सांगून बसलेय की पिशवी आहे. पेशंटला आत घेतलंय, मॅडम."

मी राखली होती ती जुन्या डोक्यात. त्या डोक्यात आता माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. नव्याला ती मोकळीच दिसणार. माझी गोम, माझा नियम, आणि माझंच बटण, तेही माझा अहंकार दुखावला म्हणून दाबलेलं.

"पिशवी कुठे आहे?"

"माझ्या हातात."

"हातातच ठेवा. कुणालाही देऊ नका. मी बोलते."

दुसऱ्या रुग्णालयातल्या सिस्टरना मी ओळखत होते. दर गाठोड्याला त्यांना फोन व्हायचा. माझा आवाज ऐकून त्या आधी घाबरल्याच. मग म्हणाल्या, आमचं ऑपरेशन उद्याचं आहे, पिशवी हाताशी असावी म्हणून मागवली होती. उद्यापर्यंत दुसरीकडून मागवता येईल, आजच्याला देऊन टाका. पुढे त्यांनी विचारलं, "पण मॅडम, बऱ्या आहात ना? दादा तर रडवेले झाले होते फोनवर." मी म्हटलं, बरी आहे. बाईंना कळवलं. पेटीवाला रिकाम्या हातानं परत गेला आणि पिशवी जिथे जायची तिथे गेली. ती निघाल्याचं बाईंनी सांगेपर्यंत मी उभीच होते. दादा पण.

मग तो म्हणाला, "आता तरी लॉगआउट कर. तू बसली आहेस तोवर हे असंच होत राहणार."

तो बरोबर बोलत होता. त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नसेल.

"सगळ्यात आधी मला बाहेर काढायचं, हे सांगितलं होतं तुला. सगळं शिकलास, सगळं केलंस. रडून पण दाखवलंस म्हणे. तेवढंच कसं विसरलास?"

"विसरलो नाही." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुला बाहेर काढायचं तर तुला सांगावं लागलं असतं."

म्हणजे त्याला माहीत होतं. दोन डोकी चालू ठेवली की काय होऊ शकतं ते माहीत होतं आणि तरी त्यानं ती तशीच चालू ठेवली होती, केवळ माझ्या तोंडाला तोंड द्यावं लागू नये म्हणून. माझ्या भांडणाची त्याला इतकी भीती होती? की मी रडेन याची? मी विचारलं नाही. आता त्याच्या उत्तराचं मी काय करणार होते?

'पहारा'चं पान समोर उघडं होतं, आपलं आपण ताजं होत होतं. मला ते तसंच ठेवता आलं असतं. मी उठले नसते तर जुनं गाठोडं कधीच निघालं नसतं. त्या कंपनीच्या लोकांनी दादाला विचारलं असतं, हे अजून कोण बसलंय आत? खरं सांगते, तो प्रश्न त्याला कुणीतरी विचारावा, असं मला फार वाटलं. हात माउसवर होता आणि मी दाबत नव्हते. पण त्या फ्रिजमध्ये आणखी पिशव्या होत्या, आणि बाईंसारखं हट्टानं फोन करणारं माणूस दर वेळी असेलच असं नाही.

माझ्या आवृत्तीच्या डोक्यात काही उरलंय का ते तपासलं. ती एक पिशवी सोडून काही नव्हतं, आणि ती तर कधीच निघून गेली होती. मग मी लॉगआउट केलं.

सर्व्हरनं जराही वेळ घेतला नाही. जुन्या गाठोड्यावर आता कुणी नाही, ते काढून टाकलं, अशी एक ओळ आली आणि पुढचं काम सुरू झालं. माझ्या स्क्रीनवर निळं पान उघडलं. नाव आणि पासवर्डच्या दोन रिकाम्या चौकटी. माझं नाव टाकून बघायची हिंमत झाली नाही.

दादाचा फोन वाजला. त्या कंपनीचं नाव बघून तो उठला, जिन्याच्या दाराकडे जायला निघाला, मग थांबला. बहुतेक बाहेर जाणं वाईट दिसेल असं त्याला वाटलं असावं. म्हणून तो तिथेच, माझ्या टेबलाशेजारी उभा राहून बोलला. आधी आवाज जड होता, पण पलीकडून काहीतरी कौतुकाचं आलं असणार, कारण हळूहळू त्याचा नेहमीचा सूर लागला. खुर्ची मागे सरकवायची सवय म्हणून त्यानं पायानं खुर्चीसुद्धा ढकलली.

"हो हो, झालं बरं का, आत्ताच पूर्ण झालं. नाही नाही, एक क्षणही बंद नाही." आणि तो हसला. "कुणाला कळलंसुद्धा नाही."

मी तिथेच बसले होते, त्याच्या हाताच्या अंतरावर.